'जरा पोलीस ठाण्यात या, साहेबांना बोलायचंय': असा फोन आला तर तुमचे हक्क काय?

समजा, रविवारची संध्याकाळ आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून पिकनिकवाले विरारच्या बसच्या रांगेत लागलेत, कोळीवाड्यात जाळी आवरणं चाललंय आणि घरात फोन वाजतो. पलीकडून कुणीतरी म्हणतं, "तुमच्या मुलाने व्हॉट्सॲपवर काहीतरी टाकलंय. त्याला घेऊन जरा पोलीस ठाण्यात या, साहेबांना बोलायचंय."

अशा वेळी घरातले दोन गोष्टी करतात. कुणीतरी ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावतं आणि आई रडायला लागते. त्या 'जरा या'चा कायद्यात अर्थ काय, जाणं बंधनकारक आहे का, गेल्यावर परत येता येईल का, हे कुणीच विचारत नाही. कारण माहीतच नसतं. शाळेत नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क पाठ केलेले असतात, पण ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभं राहिल्यावर त्यातलं एकही कलम आठवत नाही.

म्हणून ही माहिती. सध्या देशात फौजदारी कारवाईचा कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, थोडक्यात बीएनएसएस. १ जुलै २०२४ पासून तिने जुन्या सीआरपीसीची जागा घेतली. कलमांचे आकडे बदलले, हक्क बहुतांशी तेच राहिले, काही वाढले.

पालघरची ती पोस्ट

विरारहून डहाणू लोकल पकडली की वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. याच पालघरमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये जे घडलं, ते फेसबुक वापरणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावं असं आहे. तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता, सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं.

१७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरेंचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, अंत्ययात्रा होती आणि मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, त्याचा अर्थ असा की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघी विशी-एकविशीतल्या. पोस्टमध्ये शिवी नव्हती, धमकी नव्हती. तरी जमाव जमला, पहिलीच्या काकांच्या हॉस्पिटलची तोडफोड झाली आणि रविवारी संध्याकाळी त्या मुलीला पोलीस ठाण्यात जावं लागलं. सोमवारी दोघींची अटक दाखवून त्यांना कोर्टात उभं केलं गेलं. आधी धार्मिक भावना दुखावल्याचं कलम, मग ते बदलून दुसरं, आणि जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ. पंधरा हजारांच्या जामिनावर त्या सुटल्या.

नंतर चौकशी झाली. अटक अनाठायी होती असा निष्कर्ष निघाला, ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले आणि पोलिसांनी तो गुन्हा बंद करण्याचा अहवाल दिला. या अटकेमुळेच श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द झालं.

पण त्या रात्रीचं काय? निलंबन, निकाल हे सगळं पुढच्या काही दिवसांत, वर्षांत झालं. रविवारची संध्याकाळ ते सोमवारची दुपार एवढ्या वेळात त्या घराला कोणते हक्क होते, हा खरा प्रश्न. गंमत बघा, हे रद्द झालेलं कलम लावून गुन्हे नोंदवणं पुढे अनेक वर्षं चालूच राहिलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर आश्चर्य व्यक्त करावं लागलं. कायदा दिल्लीत बदलतो, पोलीस ठाण्यात पोहोचायला वेळ लागतो.

'अटक नाही, फक्त ताब्यात घेतलंय' म्हणजे काय?

बातम्यांमध्ये आपण रोज वाचतो, 'तिघांना ताब्यात घेतलं'. लोकांना वाटतं, ताब्यात घेणं ही अटकेच्या आधीची एक वेगळी पायरी आहे आणि त्यात पोलीस कितीही वेळ बसवून ठेवू शकतात. असं नाही.

पोलीस तुम्हाला फक्त विचारपूस करायला बोलावू शकतात. तेव्हा तुम्ही मोकळे असता, बोलणं झालं की उठून घरी जाऊ शकता. पोलिसांची कायदेशीर सूचना न मानणाऱ्याला ते बाजूला नेऊ शकतात, रोखून धरू शकतात. पण त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं किंवा किरकोळ बाब असेल तर २४ तासांच्या आत सोडावं लागतं. गुन्हा घडू नये म्हणून केलेली प्रतिबंधात्मक अटक असते, तिलाही सहसा २४ तासांचीच मर्यादा आहे. आणि मग रीतसर अटक.

या सगळ्यात एकच कसोटी लक्षात ठेवा: तुम्हाला उठून जाता येतंय का? दारात हवालदार उभा आहे, फोन काढून घेतलाय, 'साहेब येईपर्यंत बसा' म्हणून सहा तास झालेत, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, तुमचं स्वातंत्र्य गेलेलं आहे. कस्टम्सच्या एका जुन्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हेच सांगितलं: माणसाला अडवून ठेवलं त्या क्षणापासून अटक सुरू होते, अधिकारी कागदावर वेळ लिहितो तेव्हापासून नाही.

हे महत्त्वाचं का? कारण घड्याळ. राज्यघटनेचं कलम २२ सांगतं की अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलंच पाहिजे. त्यातून फक्त प्रवासाचा वेळ वगळायचा. अर्नाळ्याहून वसईच्या कोर्टात जायला काही दिवस लागत नाहीत. रविवार, दिवाळी, गणपती, काहीही असलं तरी हा नियम थांबत नाही. सुट्टीच्या दिवशीही मॅजिस्ट्रेट उपलब्ध असतात, गरज पडली तर घरीही आरोपीला हजर करतात. म्हणूनच घरातल्या कुणीतरी माणूस आत गेल्याची नेमकी वेळ लिहून ठेवावी. व्हॉट्सॲपवर नातेवाइकाला 'आत्ता ८.१० ला आत नेलं' एवढा मेसेज टाकला तरी तो उद्या वकिलाच्या कामाला येतो.

नोटीस कशी यायला हवी?

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. अटक का गरजेची आहे हे लिहून काढायचं, नाहीतर आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची. आता हे बीएनएसएसच्या कलम ३५ मध्ये आहे. नोटिशीप्रमाणे तुम्ही हजर राहत असाल, सहकार्य करत असाल, तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. उलटही खरं आहे: नोटीस घेऊन गप्प बसलात तर तेच अटकेचं कारण होतं. सोशल मीडियावरच्या पोस्टचे बहुतेक गुन्हे या सात वर्षांच्या आतले असतात, त्यामुळे हा हक्क तुमच्या-आमच्यासाठी सगळ्यात उपयोगाचा.

ज्याचं वय साठच्या वर आहे किंवा जो आजाराने खंगलेला आहे, त्याला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची तर किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्नाळा सागरी पोलीस ठाणं मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयात येतं, म्हणजे इथे सहायक पोलीस आयुक्तांची.

आणि साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर कोणत्याही वयाची स्त्री, पंधरा वर्षांखालचा किंवा साठीपुढचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं. आजीला रिक्षात घालून ठाण्यात नेणारी घरं मी पाहिली आहेत. गरज नसते.

व्हॉट्सॲपवर नोटीस आली तर? जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम ३५ ची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲप किंवा तत्सम इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावता येत नाही. ती हातात द्यावी लागते. अर्थात मेसेज आला म्हणून दुर्लक्ष करू नका. वकिलामार्फत ठाण्यात विचारा आणि रीतसर नोटीस मागा.

आणि व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस 'तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला सांगू नका' म्हणत असेल, तर तो चोर आहे. भारताच्या कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. कुठलाही पोलीस अटक टाळायला खात्यात पैसे भरायला सांगत नाही. फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार करा. खरी अटक आणि खोटी अटक यांतला फरक सोपा आहे: खऱ्या अटकेत पोलिसांना तुमच्या घरच्यांना सांगावंच लागतं, खोट्या अटकेत पहिली अट असते ती कुणालाही न सांगण्याची.

कारण लेखी द्या, आणि मला कळेल अशा भाषेत द्या

अलीकडच्या काळात अटकेच्या कायद्यात झालेला सगळ्यात मोठा बदल महाराष्ट्रातल्या एका प्रकरणातून आला आणि त्याचा धागा विरारपर्यंत येतो.

७ जुलै २०२४ च्या पहाटे वरळीत बीएमडब्ल्यू गाडीने एका स्कूटरला धडक दिली. स्कूटरवर मासळीचा धंदा करणारं, वरळी कोळीवाड्यातलं जोडपं होतं, ससून डॉकवरून माल घेऊन परतणारं. बाईंना गाडीने फरफटत नेलं, त्यांचा मृत्यू झाला. गाडी चालवत असल्याचा आरोप असलेला मिहीर शाह पळाला आणि दोन दिवसांनी विरारमधून पकडला गेला. त्याचे वडील पालघरमधले राजकीय नेते. अर्नाळ्यासारख्या कोळ्यांच्या गावात या बातमीवर काय बोललं गेलं असेल, याची कल्पना करता येते.

मिहीर शाहच्या वकिलांनी हायकोर्टात मुद्दा मांडला की अटकेची कारणं लेखी दिलीच नाहीत, म्हणून अटक बेकायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो फेटाळला: गुन्हा इतका गंभीर, पुरावा इतका, स्वतः पळत फिरत होता, त्याला कारण माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन मसीह यांच्या खंडपीठाने निकाल दिला: गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यावीच लागतील आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागतील. अगदीच प्रसंग असा असेल की जागेवर लिहून देणं शक्य नाही, तर तोंडी सांगा, पण कोठडी मागण्यासाठी मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक आणि कोठडी दोन्ही बेकायदा.

दोन तास कशासाठी? वकिलाला तो कागद वाचून कोठडीला विरोध करता यावा म्हणून. कारणच माहीत नसेल तर वकील बोलणार काय?

इथे कुणीही विचारेल, आणि विचारावंच: ज्याच्यावर एका कोळिणीला चिरडल्याचा आरोप आहे, त्याच्या निमित्ताने हे हक्क? मलाही निकाल वाचताना तो प्रश्न खुपला. पण एक तर या निकालाने खटला संपत नाही. चूक झाली तर पोलीस लेखी कारणं देऊन पुन्हा कोठडी मागू शकतात. दुसरं म्हणजे श्रीमंत बापाच्या मुलाकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणारे वकील होते. बोटीवर खलाशी म्हणून काम करणाऱ्या पोराकडे नसतात. त्याला हा कागद आता न भांडता मिळायला हवा.

भाषेची गोष्ट तर फार जुनी आहे. १९६२ मध्ये नागपूरच्या एका माणसाला प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं. अधिकाऱ्याने तोंडी भाषांतर करून सांगितलं होतं म्हणे. सर्वोच्च न्यायालयाने ते पुरेसं मानलं नाही, स्थानबद्धता रद्द केली. आणि पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांच्या मुलाखती घेऊन सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यावर १९८३ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला सांगितलं होतं: अटक झालेल्याच्या हक्कांचं पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापा, प्रत्येक कोठडीत लावा आणि वाचून दाखवा. त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. पुढच्या वेळी कुठल्या ठाण्यात गेलात तर भिंतीकडे नजर टाका.

अटकेच्या वेळी कोणते कागद?

अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी स्पष्ट दिसायला हवी. अटकेचा पंचनामा तिथेच तयार व्हायला हवा, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि तुमची सही. वेळ आणि तारीख नीट पाहा. संध्याकाळी सातला आणलं आणि कागदावर दुसऱ्या दिवशीचे सकाळचे दहा असतील, तर सहीजवळ खरी वेळ लिहा. लिहू देत नसतील तर वाद घालू नका, मॅजिस्ट्रेटला सांगायचं म्हणून लक्षात ठेवा.

तुम्ही सांगाल त्या एका माणसाला, नातेवाईक असो, मित्र असो, अटकेची आणि कुठे ठेवलंय याची खबर देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ती दिल्याची नोंदही ठाण्यात ठेवावी लागते. बीएनएसएसने यात एक भर घातली: प्रत्येक पोलीस ठाण्यात अटक झालेल्यांची माहिती ठेवण्यासाठी एक अधिकारी नेमलेला असायला हवा आणि कुणाला कोणत्या गुन्ह्यात अटक झाली हे ठाण्यात ठळकपणे लावायला हवं. 'आम्हाला माहीत नाही, दुसऱ्या ठाण्यात विचारा' हे उत्तर आता चालत नाही.

खालचे हे नियम मुळात १९९६ च्या डी. के. बसू निकालातले आहेत: अटकेनंतर वैद्यकीय तपासणी, अंगावरच्या जुन्या-नव्या जखमांची नोंद, कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी तपासणी. तपासणीच्या अहवालाची प्रत तुम्हाला मिळते. ती मागा. स्त्रीची तपासणी स्त्री डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. अठरा वर्षांखालच्या मुलाला तर कोठडीत टाकताच येत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यायचं असतं.

सूर्यास्तानंतर बाईला अटक

हा नियम बहुतेकांना अर्धवट माहीत आहे. तो आला कुठून, हे मात्र माहीत नसतं आणि तो महाराष्ट्रातूनच आलाय.

१९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. ती तक्रारीच्या कामाने, नातेवाइकांबरोबर, रात्रीच्या वेळी ठाण्यात आली होती. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं. देशभर संताप उसळला, कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला, पोलिसांच्या ताब्यातल्या अत्याचाराला वेगळी, कडक शिक्षा आली. पुढे नागपुरात १९९२ साली कोठडीत झालेल्या एका मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायचीच नाही. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश थोडा सैल केला, अपवादाला जागा ठेवली. मग संसदेनेच कायद्यात तरतूद आणली.

आजचा नियम असा: सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल, तरच, आणि तेव्हाही महिला अधिकाऱ्यानेच मॅजिस्ट्रेटची लेखी परवानगी आधी घेऊन. झडती महिलेनेच घ्यायची. पोलीस रात्री दारात आले तर 'परवानगीचा कागद दाखवा' हे शांतपणे विचारा. सकाळपर्यंत थांबायला सांगणं म्हणजे पोलिसांना विरोध नव्हे.

आत काय बोलायचं, कशावर सही करायची?

स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही, हे घटनेचं कलम २०. नाव, पत्ता सांगा. पण ज्या उत्तराने तुम्हीच गुन्ह्यात अडकाल, ते न देण्याचा हक्क तुम्हाला आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हे खुद्द कायद्यातच आहे. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

चौकशी चालू असताना तुमच्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, पण संपूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसेल असं कायदा म्हणत नाही. रात्रभर जागं ठेवून प्रश्न विचारणं? एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ईडीच्या एका प्रकरणात म्हटलं की झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, ती हिरावून घेणं म्हणजे मानवी हक्काचं उल्लंघन. त्या माणसाचा जबाब पहाटे साडेतीनपर्यंत घेतला गेला होता.

मारहाण हा तर गुन्हाच आहे. कबुली काढण्यासाठी इजा करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गंभीर इजा असेल तर दहा. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपमध्ये, पॅसेजमध्ये आवाजासह सीसीटीव्ही बसवून रेकॉर्डिंग अठरा महिने जपायला सांगितलं आहे. काही घडलं असेल तर लवकरात लवकर लेखी अर्ज देऊन ते फुटेज राखून ठेवा म्हणून मागणी करायची. उशीर केला की 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर ठरलेलं.

थोडं विषयांतर. गेल्या काही दिवसांत आरोपींची धिंड काढल्याचे, हात जोडून माफी मागायला लावल्याचे रील आपण सगळेच पाहतोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकचे असे व्हिडिओ घराघरात पोहोचले, पोरं ती घोषणा खेळतानाही म्हणायला लागली. गुंडांचा माज उतरला म्हणून लोक खूश होतात, ते समजतं. पण कायद्याच्या पुस्तकात 'माफीचा व्हिडिओ' नावाची शिक्षा नाही आणि दोषी कोण हे अजून कोर्टाने सांगितलेलं नसतं. पालघरच्या त्या दोन मुलींच्या वेळी रील असते, तर जमावाने कुणाचे हात जोडलेले बघायला मागितले असते?

मॅजिस्ट्रेटचा पहिला प्रश्न

कोर्टात उभं केल्यावर मॅजिस्ट्रेट सहसा विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" हा प्रश्न दहा सेकंदांत येतो आणि जातो. शेजारी तेच पोलीस उभे असतात, ज्यांच्याबरोबर पुन्हा परत जायचं असतं. आरोपी मान हलवतो, 'नाही'. रोजनाम्यात 'तक्रार नाही' असं लिहिलं जातं आणि मग पुढे कितीही मारल्याचं सांगितलं तरी तो शब्द आडवा येतो.

मार बसला असेल, वेळ खोटी लिहिली असेल, लेखी कारणं मिळाली नसतील, घरच्यांना कळवलं नसेल, तर बोलायची जागा हीच. चार वाक्यं पुरतात. मॅजिस्ट्रेटने वैद्यकीय तपासणीचा आदेश द्यायला हवा.

वकील नेमायला पैसे नसतील तर? मुंबईवर समुद्रातून हल्ला करायला आलेल्या कसाबच्या अपिलात, ऑगस्ट २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे आणताच वकिलाचा हक्क सांगणं आणि त्याला वकील नसेल तर सरकारी खर्चाने देणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. त्यात कुचराई केली तर खातेनिहाय कारवाई होईल. कसाबला हा हक्क आहे, तर अर्नाळ्याच्या पोराला आहेच. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना कोठडीत नसतानाही मिळतो. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. देशभराचा हेल्पलाइन नंबर १५१००.

इथे पोलीस 'पीसी' मागतात, म्हणजे पोलीस कोठडी. ती एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही. पूर्वी ती पहिल्या पंधरा दिवसांतच घ्यावी लागायची, आता गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. वकिलांचा या बदलावर मोठा आक्षेप आहे, आणि माझ्या मते तो रास्त आहे: जामिनाची चर्चा सुरू झाली की पुन्हा कोठडीची टांगती तलवार. 'एमसीआर' म्हणजे न्यायालयीन कोठडी, तुरुंगात. ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्कच होतो.

जामीनपात्र गुन्हा असेल तर हे सगळं लागतच नाही. जामीन ठाण्यातच मिळतो, ज्याला लोक टेबल जामीन म्हणतात. तो मेहरबानी नाही, हक्क आहे, आणि जामीनदार द्यायची ऐपत नसेल तर जातमुचलक्यावर सोडता येतं.

बाहेर थांबलेल्यांनी काय करायचं?

ठाण्याबाहेर गर्दी जमवू नका, त्याने आतल्या माणसाचं नुकसान होतं. एकाने वकील गाठावा, एकाने ठाण्यात थांबावं. कोणत्या गुन्ह्यात, गुन्हा क्रमांक काय, तपास अधिकारी कोण, कोर्टात किती वाजता नेणार, हे चार प्रश्न विचारून लिहून घ्यावेत. एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर बहुतेक गुन्ह्यांत मिळते. काहीच सांगत नसतील तर आयुक्तालयाला वेळेसह ईमेल करा, ११२ ला फोन करून नोंद करा. २४ तास उलटून गेले आणि माणूस कोर्टापुढे नाही, तर मुंबई उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे 'माणूस हजर करा' अशी याचिका करता येते.

मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं म्हणून पोलीस दम देतात. वर्ध्याच्या एका प्रकरणात ठाण्यात व्हिडिओ काढल्याबद्दल शासकीय गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा लावला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला: पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही. म्हणून लाइव्ह करत आत घुसा असं नाही, कामात अडथळ्याचा वेगळा गुन्हा लागू शकतो. पण गुप्तहेर कायद्याची भीती घालणाऱ्याला हा निकाल सांगता येतो.

आणि ग्रुप ॲडमिन असाल तर: दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरवता येत नाही, असा निकाल याच नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात दिला. त्या मेसेजमध्ये तुमचा आधीपासून हात असेल, तर गोष्ट वेगळी.

मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला ऑपरेशन सिंदूरवरच्या पोस्टवरून अटक झाली. पोस्ट तिने काढून टाकली होती, माफी मागितली होती. तरी कॉलेजने नाव काढलं आणि ती येरवड्याच्या तुरुंगात गेली. तिची परीक्षा चालू होती. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला तातडीने जामिनावर सोडायला सांगितलं, पोलिसांना आणि कॉलेजला खडसावलं. तोपर्यंत तिचे काही पेपर बुडाले होते.